वेग किती, साथ किती?

शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू वीस-पंचवीस वर्षे सहज चालतो. सूक्ष्मदर्शकाची भिंगे जपली तर एकाच घरातल्या दोन पिढ्या त्यातून कांद्याच्या पेशी पाहतात. या उपकरणांत हलणारे आणि झिजणारे भाग आहेत. टॅब्लेटमध्ये चाक नाही, दट्ट्या नाही, एकमेकांवर घासणारे काहीही नाही. तरीही चार-सहा वर्षांत तो 'जुना' ठरतो. बॅटरी दमते हे खरे, पण ती बदलता येते. बॅटरी बदलली तरी नवे ॲप त्यावर चढत नाही आणि काही संकेतस्थळे उघडत नाहीत. असे का व्हावे?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. अनेक शाळांत टॅब्लेट येतात ते लोकवर्गणीतून किंवा एखाद्या देणगीतून. अशी रक्कम एकदाच हाती येते. दुकानात वेगवेगळी मॉडेले समोर ठेवली जातात आणि खोक्यावर प्रोसेसरचा वेग ठळक छापलेला असतो. त्या यंत्राला सॉफ्टवेअरची साथ किती वर्षे मिळेल, हे मात्र शोधूनच काढावे लागते. वेग आणि साथ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे संगणकाच्या इतिहासात बऱ्याच उशिरा उमगले. तो इतिहास पाहिला तर आजची निवडही सोपी होते.

प्रत्येक यंत्राची वेगळी बोली

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली रीतसर कामाला लागला. त्याचा 'शब्द' ४० बिटांचा होता, म्हणजे ४० द्विमान अंकांची संख्या तो एका वेळी हाताळत असे. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा कितीतरी वेगवान संगणक आला. त्याचा शब्द ४८ बिटांचा होता आणि आज्ञांचे संकेतही वेगळे होते. टिफ्रॅकच्या सांकेतिक आज्ञांत लिहिलेली आज्ञावली या नव्या यंत्रावर जशीच्या तशी चालणे शक्य नव्हते.

यात टिफ्रॅकचा काही दोष नव्हता. त्या काळी जगभर हीच रीत होती. आयबीएम या एकाच कंपनीचा हिशेबी कामाचा १४०१ आणि शास्त्रीय गणिताचा ७०९० हे दोन संगणकही एकमेकांच्या आज्ञा पाळत नसत. आपल्याकडे कुर्डुवाडीला ब्रॉडगेजवरून आलेला माल उतरवून बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरोगेज डब्यांत पुन्हा भरावा लागे, तसाच हा प्रकार होता. माल तोच, पण रूळ बदलले की सगळी हमाली नव्याने करायची. संगणकाच्या बाबतीत ही हमाली म्हणजे आज्ञावली पुन्हा लिहिणे.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही मालिका जाहीर केली. जीन ॲमडाल, गेरिट ब्लाउ आणि फ्रेड ब्रुक्स हे तिच्या रचनेमागचे प्रमुख अभियंते. एकाच दिवशी सहा मॉडेले जाहीर झाली. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मॉडेलच्या वेगात सुमारे ५० पटींचा फरक होता, पण आज्ञांचा संच एकच. लहान यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली मोठ्या यंत्रावर चालणार आणि उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच येणार, अशी ही योजना होती.

हे कसे साधले? आपण वर्गात २३ × ७ हा गुणाकार घालतो. एकाला पाढा पाठ असतो, तो लगेच १६१ म्हणतो. दुसरा २३ सात वेळा मिळवत बसतो. त्याला वेळ लागतो, पण उत्तर १६१च येते. प्रश्नपत्रिका दोघांनाही एकच देता येते. सिस्टिम/३६०च्या मोठ्या यंत्रात गुणाकारासाठी खास मंडले होती. लहान यंत्रे तीच आज्ञा अनेक बारीक पायऱ्यांत फोडून पार पाडत. अशा पायऱ्यांची कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९५१ मध्ये मांडली होती.

यंत्र आतून कसे बांधले आहे आणि ते बाहेरून कोणत्या आज्ञा पाळते, या दोन गोष्टींमध्ये १९६४ साली अशी एक स्पष्ट रेघ ओढली गेली. पहिल्या गोष्टीवर वेग ठरतो, दुसरीवर आज्ञावलीचे आयुष्य. ती रेघ इतकी काटेकोरपणे पाळली गेली, की त्या काळातल्या अनेक आज्ञावल्या आयबीएमच्या आजच्या मोठ्या संगणकांवरही चालू शकतात.

बनवणारा निघून गेला तर?

साथीची आणखी एक बाजू भारतात १९७८ मध्ये दिसली. १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता. आयबीएमने ते न स्वीकारता देश सोडला. कंपनी गेली, पण तिची यंत्रे कचेऱ्यांत आणि कारखान्यांत तशीच उभी होती. त्यांवर रोजचे हिशेब चालत. त्यांच्या देखभालीचे काम भारत सरकारच्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे सीएमसीने, अंगावर घेतले आणि ती यंत्रे पुढेही चालू राहिली.

हे जमले, कारण ती यंत्रे उघडता येत होती, त्यांचे भाग सुटे करून बदलता येत होते आणि ती कोणत्या आज्ञा पाळतात हे पुस्तकांत छापलेले होते. टॅब्लेटच्या बाबतीत हा मार्ग बहुधा बंद असतो. बहुतेक टॅब्लेट बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही असलेलीच कार्यप्रणाली स्वीकारतात. पडदा, कॅमेरा, वायफाय यांना चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या छोट्या आज्ञावल्याही पुष्कळदा खुल्या नसतात. त्यामुळे बनवणाऱ्याने हात काढून घेतला की दुसऱ्या कोणाला 'सीएमसी' होणे फार अवघड जाते.

आयपॅडच्या तीन रेघा

मुलांच्या हातात मावेल असा पुस्तकाएवढा संगणक असावा, ही कल्पना ॲलन के यांनी १९७२ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात असताना एका निबंधात तपशिलाने मांडली होती. तिला तेव्हा साजेसे पडदे आणि चिपा नव्हत्या. टॅब्लेट घरोघर पोहोचला तो एप्रिल २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड विक्रीला आल्यावर. या एका मालिकेचा इतिहास आपल्या प्रश्नासाठी फार उपयोगी आहे, कारण चिप आणि कार्यप्रणाली दोन्हींवर एकाच कंपनीचा ताबा असल्याने कारणे वेगळी करून पाहता येतात.

पहिल्या आयपॅडमध्ये १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट स्मृती, म्हणजे रॅम, होती. सप्टेंबर २०१२ मध्ये आयओएस ६ ही कार्यप्रणाली आली तेव्हा हा आयपॅड वगळला गेला. साथ मिळाली जेमतेम अडीच वर्षे. गंमत अशी, की २००९चा आयफोन ३जीएस याहून मंद होता, त्याची स्मृतीही २५६ मेगाबाइटच होती, तरी त्याला आयओएस ६ मिळाली. दोघांत ठळक फरक दोन. आयपॅडच्या पडद्यावर ७,८६,४३२ चित्रबिंदू होते, आयफोनच्या १,५३,६००. म्हणजे तेवढ्याच स्मृतीत पाचपट मोठे चित्र सांभाळायचे होते. शिवाय तो आयफोन २०१२ पर्यंत विकला जात होता, तर पहिल्या आयपॅडची विक्री २०११ मध्येच थांबली होती. प्रोसेसरचा वेग पाहून यंत्राचे आयुष्य सांगता येत नाही, हे इथेच दिसते.

पुढे या मालिकेत तीन वेळा रेघ पडली आणि तिन्ही वेळा कारण निराळे होते.

पहिली रेघ २०१६ची, चिपच्या पिढीची. मार्च २०११चा आयपॅड २ ए५ चिपवर चालत असे. मार्च २०१२च्या तिसऱ्या आयपॅडचा पडदा चौपट चित्रबिंदूंचा होता, स्मृती दुप्पट होती आणि चित्रे काढणारे मंडल अधिक ताकदीचे होते. मुख्य प्रोसेसर मात्र त्याच पिढीचा होता. सप्टेंबर २०१६ मध्ये आयओएस १० आली आणि दोन्ही एकाच दिवशी बाहेर पडले. वर्षभर थांबून अधिक चांगला पडदा घेतलेल्याला साथ एक वर्ष कमी मिळाली. पहिल्या आयपॅड मिनीची गोष्ट याहून बोलकी आहे. तोही ए५ चिपचाच, पण ॲपल तो जून २०१५ पर्यंत विकत होती. शेवटच्या महिन्यात नवाकोरा मिनी घेणाऱ्याची साथ पंधरा महिन्यांत संपली.

दुसरी रेघ २०१७ची, आज्ञांच्या बोलीची. नोव्हेंबर २०१२चा चौथा आयपॅड ३२ बिटांचा, तर नोव्हेंबर २०१३चा आयपॅड एअर ६४ बिटांचा. आयओएस ११ने ३२ बिटांच्या आज्ञावल्या चालवणे बंद केले. चौथा आयपॅड काठाच्या अलीकडे राहिला, एअर पलीकडे गेला. सिस्टिम/३६०ने जी रेघ जपली, ती इथे कंपनीने जाणूनबुजून नव्याने ओढली.

तिसरी रेघ २०१९ची, स्मृतीची. इथे तर निसर्गतःच एक प्रयोग घडून आला आहे. २०१५ मध्ये एकाच ए८ चिपची दोन उपकरणे बाजारात आली, सहाव्या पिढीचा आयपॉड टच आणि आयपॅड मिनी ४. पहिल्यात स्मृती १ गिगाबाइट, दुसऱ्यात २. आयपॉडला आयओएस १२च्या पुढची आवृत्ती मिळाली नाही. मिनी ४ मात्र १५व्या आवृत्तीपर्यंत पोहोचला. दोघांच्या प्रोसेसरची गती थोडी वेगळी होती, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढायला नको. पण २०१९ मध्ये वगळलेली यादी पाहिली तर आयफोन ५एस, आयफोन ६, आयपॅड एअर, मिनी २, मिनी ३ ही सगळी १ गिगाबाइटची आहेत. ऑक्टोबर २०१४चा आयपॅड एअर २ हा २ गिगाबाइटचा. तो २०२२ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे टिकला. त्याच्या आदल्या वर्षीच्या एअरला नव्या आवृत्त्या सहाच वर्षे मिळाल्या.

एक बारकावा इथे ध्यानात ठेवायला हवा. नवी आवृत्ती थांबली म्हणजे सगळी साथ संपली असे नाही. आयओएस १२वर थांबलेल्या उपकरणांना सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२३च्या जानेवारीपर्यंत अधूनमधून मिळत होत्या. नवी आवृत्ती आणि सुरक्षा-दुरुस्ती ही दोन वेगळी खाती आहेत.

अँड्रॉइडची साखळी

अँड्रॉइड टॅब्लेटची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. कार्यप्रणाली गूगल लिहिते. चिप बनवणारी कंपनी ती आपल्या चिपवर चालावी म्हणून ड्रायव्हर तयार करते. मग टॅब्लेट बनवणारी कंपनी त्यात आपली भर घालते आणि शेवटी ती आपल्यापर्यंत येते. साखळीतली एक कडी जरी सुटली तरी नवी आवृत्ती अडते. चिप कंपनीने जुन्या चिपचे ड्रायव्हर करणे थांबवले, तर टॅब्लेट कंपनीची इच्छा असूनही फारसे काही करता येत नाही.

आपल्या देशातला आकाश टॅब्लेट अनेकांना आठवत असेल. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तो दिल्लीत जाहीर झाला. विद्यार्थ्यांना अतिशय स्वस्तात टॅब्लेट देण्याचा हेतू चांगलाच होता. पण त्याचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, स्मृती २५६ मेगाबाइट आणि कार्यप्रणाली २०१०ची, अँड्रॉइड २.२. त्याच महिन्यात गूगलने अँड्रॉइड ४.० जाहीर केले. पुढच्या वर्षी या प्रकल्पात मुंबईच्या आयआयटीचा सहभाग होता. नोव्हेंबर २०१२चा आकाश २ हा १ गिगाहर्ट्झ आणि ५१२ मेगाबाइटचा, अँड्रॉइड ४.०वर चालणारा होता आणि पहिल्यापेक्षा पुष्कळ सुधारलेला होता. तरी तोवर अँड्रॉइड ४.१ बाजारात येऊन काही महिने झाले होते. किंमत खाली आणताना जुनी कार्यप्रणाली घेतली, की खरेदीच्या दिवशीच आयुष्याची काही वर्षे खर्ची पडलेली असतात.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. गूगलच्या २०१२च्या नेक्सस ७ या टॅब्लेटला नव्या आवृत्त्या मिळत राहिल्या. पण २०१४च्या अखेरीस अँड्रॉइड ५ चढवल्यावर तो फार मंद झाला, अशी अनेकांची तक्रार होती. साथ मिळाली, पण ती पेलण्याइतकी ताकद उरली नव्हती. म्हणजे वेग बिनमहत्त्वाचा नाही. मात्र तो पहिल्या दिवसासाठी लागत नाही, पाचव्या वर्षी येणाऱ्या आवृत्तीचे ओझे उचलायला लागतो.

२०१७ मध्ये अँड्रॉइड ८सोबत गूगलने कार्यप्रणालीची आतली रचना बदलली. चिपशी बांधलेला भाग एका बाजूला आणि बाकीची कार्यप्रणाली दुसऱ्या बाजूला केली. खालचा भाग तसाच ठेवून वरचा बदलता यावा, हा उद्देश. १९६४च्या रेघेचीच ही आठवण. त्यानंतर कंपन्या उघडपणे वर्षांची हमी देऊ लागल्या. २०२२ मध्ये सॅमसंगने टॅब एस८ या मालिकेसाठी चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या जाहीर केल्या, तर २०२४च्या टॅब एस१०साठी सात वर्षे. ही हमी महाग मॉडेलांची आहे. त्याच कंपनीच्या स्वस्त मॉडेलला ती तेवढीच असेल असे गृहीत धरू नये. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेटसाठी नियमच केला. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे कार्यप्रणालीच्या दुरुस्त्या उपलब्ध राहाव्यात, असे तो सांगतो. मुदत मोजायची ती विक्रीच्या शेवटापासून, हे यातले महत्त्वाचे. आयपॅड मिनीच्या ग्राहकाला असाच नियम हवा होता.

ओळखपत्राची मुदत

साथ संपलेला टॅब्लेट चालू तर होतो, मग नुकसान काय? एक उदाहरण पाहू. आपण एखादे सुरक्षित संकेतस्थळ उघडतो तेव्हा ते आपले डिजिटल प्रमाणपत्र दाखवते. ते खरे की खोटे हे ठरवण्यासाठी टॅब्लेटमध्ये विश्वासू संस्थांच्या मूळ प्रमाणपत्रांची यादी असते. या मूळ प्रमाणपत्रांनाही मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य संकेतस्थळांना फुकट प्रमाणपत्रे देते. ती ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर उभी होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. नवे मूळ प्रमाणपत्र आयओएस १०च्या आधीच्या यादीत नव्हते. परिणामी आयपॅड २सारख्या धडधाकट यंत्रांवर अनेक संकेतस्थळे आदल्या दिवशी उघडत होती, ती दुसऱ्या दिवशी उघडेनाशी झाली. यंत्रात काहीच बिघडले नव्हते. भोवतालचे जग पुढे गेले होते आणि त्याला ते कळवणारे कोणी उरले नव्हते.

मग निवड कशी करावी?

पहिला प्रश्न तारखेचा. टॅब्लेट आपण कधी घेतला याला फारसे महत्त्व नाही. त्याची चिप कोणत्या वर्षाची आणि हमी कोणत्या दिवसापासून मोजली आहे, हे पाहावे. दुसरा प्रश्न, हमी नव्या आवृत्त्यांची की केवळ सुरक्षा-दुरुस्त्यांची? हे तोंडी न ऐकता कंपनीच्या लेखी माहितीत, त्याच मॉडेलच्या नावासमोर वाचावे. तिसरा प्रश्न स्मृतीचा. गिगाहर्ट्झमधल्या थोड्या फरकापेक्षा दुप्पट स्मृतीवर खर्च करणे बहुधा फायद्याचे ठरते, कारण स्मृती नंतर वाढवता येत नाही.

चौथा प्रश्न भागाकाराचा. समजा, एक टॅब्लेट १२,००० रुपयांचा आहे आणि त्याची साथ दोन वर्षे उरली आहे. दुसरा २४,००० रुपयांचा आहे आणि साथ सहा वर्षे आहे. पहिला वर्षाला ६,००० रुपयांना पडतो, दुसरा ४,००० रुपयांना. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत, पण रीत सर्वत्र लागू पडते. किंमत ही एकूण वर्षांनी न भागता उरलेल्या वर्षांनी भागायची.

पाचवा प्रश्न कामाचा. टॅब्लेटवर फक्त साठवलेली पुस्तके आणि चित्रफिती दाखवायच्या असतील, इंटरनेट लावायचेच नसेल, तर साथ संपलेले यंत्रही वाचनालयात कित्येक वर्षे उपयोगी पडेल. मुलांची माहिती, गुण किंवा परीक्षेचे ॲप त्यावर ठेवायचे असेल, तर मात्र सुरक्षा-दुरुस्त्या थांबलेले यंत्र वापरू नये. एकाच शाळेत दोन्ही प्रकारांना जागा असू शकते.

आठवी-नववीच्या मुलांना यातून एक चांगला प्रकल्प देता येईल. प्रत्येकाने घरातल्या एका फोनची किंवा टॅब्लेटची तीन नोंदी असलेली माहिती आणावी: मॉडेल बाजारात कोणत्या महिन्यात आले, आज कार्यप्रणालीची कोणती आवृत्ती आहे आणि शेवटची सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या तारखेची. फळ्यावर तक्ता मांडला की किंमत, वेग, स्मृती आणि साथ यांचा एकमेकांशी किती संबंध आहे, हे मुले स्वतःच शोधतील. घरातल्या पैशांशी थेट जोडलेली अशी आकडेवारी वर्गात क्वचितच हाती येते.

आणि शाळेत टॅब्लेट आले की डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्यांची नोंद होतेच. वस्तूचे नाव, संख्या, दर, खरेदीची तारीख. त्या ओळीला आपण आणखी एक रकाना जोडावा: 'सॉफ्टवेअरची साथ कोणत्या तारखेपर्यंत'. खरेदीपूर्वी हा रकाना भरता आला नाही, तर दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारायचा राहिला आहे असे समजावे.